दिवसभराचा संयम आणि रात्रीचे खाणे : नाशिकमधील बारावीच्या एका विद्यार्थ्याचे प्रकरण

निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराचा सतरा वर्षांचा मुलगा बारावी आणि जेईईच्या तयारीसाठी दीड वर्षापासून नाशिकमध्ये, गंगापूर रोडच्या परिसरात कॉट बेसिसवर राहत होता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याचे मामा त्याला माझ्याकडे, मानसशास्त्रीय सल्ल्यासाठी, घेऊन आले. वडील येऊ शकले नव्हते, कारण गोडी छाटणी सुरू होती आणि त्या दिवसांत बागायतदाराला बाग सोडता येत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिले होते की दहा महिन्यांत वजन ६८ किलोवरून ८१ किलोवर गेले आहे, थायरॉइडची तपासणी सामान्य आहे, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी रक्तशर्करेचे मोजमाप) ५.८ टक्के म्हणजे मधुमेहपूर्व पातळीत आहे आणि मानेवर काळसर, जाडसर पट्टा दिसू लागला आहे. उंची १७१ सेंटिमीटर असल्याने त्याचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २७.७ येत होता. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सच्या २०१५ च्या तक्त्यांनुसार हा आकडा लठ्ठपणाच्या रेषेपलीकडे जातो.

चिठ्ठीच्या शेवटी ‘आहारनियंत्रणासाठी मानसिक तयारी करून द्यावी’ अशी सूचना होती. मामांनी तीच गोष्ट सरळ सांगितली : “पोरगं हुशार आहे मॅडम, पण जिभेवर ताबा नाही. रात्री चोरून खातं. मन आवरायचं कसं, तेवढं शिकवा.”

या प्रकरणाची मांडणी करावीशी वाटली ती या वाक्यासाठी. मुलात संयम कमी आहे, तो वाढवला की खाणे आटोक्यात येईल, हे गृहीतक मामांचे होते, डॉक्टरांचेही होते आणि सर्वांत ठामपणे खुद्द त्या मुलाचे होते. तपासणीत जे दिसले ते वेगळे होते. ओळख पटू नये म्हणून कौटुंबिक तपशील आणि काही आकडे थोडे बदलले आहेत. मुलाची आणि पालकांची संमती घेतलेली आहे.

नोंदवहीतील एक मंगळवार

पहिल्या भेटीत त्याला कोणताही आहार ठरवून दिला नाही. पुढचे दोन आठवडे जे खाल्ले ते, वेळ आणि त्या वेळचा मनातला विचार यांसह, लिहून ठेवायचे एवढेच काम दिले. मुलगा व्यवस्थित होता. भौतिकशास्त्राच्या वहीसारखे रकाने आखून त्याने नोंदी केल्या. त्यातला एक मंगळवार असा :

सकाळी ७.४० ला जाग, काहीही न खाता ८ चा क्लास. सव्वाअकराला चहा आणि दोन बिस्किटे. दीड वाजता मेसच्या डब्यातल्या तीन पोळ्यांपैकी एक आणि थोडी भाजी, वरण-भात तसाच परत. पाचला चहा. रात्री साडेआठला आलेला डबा न उघडता टेबलाखाली, आणि शेजारच्या रकान्यात शेरा : ‘आज जमलं.’ पावणेबाराला अभ्यासिकेतून खोलीवर. त्यानंतरच्या पाऊण तासात गार झालेला अख्खा डबा, नूडल्सची दोन पाकिटे, आईने पाठवलेल्या चिवड्याचा निम्मा डबा आणि क्रीमच्या बिस्किटांचा एक पुडा. शेरा : ‘पोट दुखतंय. लाज वाटते.’ झोप दोन वाजता.

असे प्रसंग दोन आठवड्यांत आठ वेळा घडले होते, म्हणजे सरासरी आठवड्याला चार. प्रत्येक वेळी खोलीतला जोडीदार झोपलेला किंवा गावी गेलेला होता. उलटी काढणे, जुलाबाच्या गोळ्या किंवा भरमसाठ व्यायाम यांपैकी काहीही नव्हते. दुसऱ्या दिवशी अधिक कडक उपास करणे मात्र हमखास होते. ‘आज जमलं’ हा शेरा ज्या दिवशी पडला त्या जवळजवळ प्रत्येक दिवसाची रात्र वाईट गेली होती, हे त्याने स्वतःच्या हाताने लिहिले असूनही त्याच्या लक्षात आले नव्हते. साडेआठला तो ज्याला यश समजत होता, तीच पुढच्या प्रसंगाची तयारी होती.

एक बाब इथेच नोंदवते. रविवारी सकाळी चौघे मित्र मिसळ खायला जात. नाशिककराच्या रविवारात हे आलेच. त्या मिसळीसाठी तो शनिवारी रात्री जेवत नसे, कारण ‘उद्या जास्त होणार आहे’. मामांच्या दृष्टीने दोष मिसळीचा होता. नोंदवहीत मात्र मिसळीच्या टेबलावर, मित्रांसोबत, एकदाही ताबा सुटलेला दिसत नव्हता. ताबा सुटत होता तो शनिवारी मध्यरात्री.

चाचण्या : सकाळ आणि संध्याकाळ

ठरवणे, थांबणे, लक्षात धरून काम करणे आणि गरजेप्रमाणे विचाराची दिशा बदलणे यांना मानसशास्त्रात कार्यकारी क्षमता म्हणतात. अकिरा मियाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवून दिले की या क्षमता परस्परांशी जोडलेल्या असल्या तरी एकच नाहीत. आवेग रोखणे, कार्यरत स्मृतीतली (म्हणजे काम करताना मनात तात्पुरती धरून ठेवलेली) माहिती अद्ययावत ठेवणे आणि एका नियमावरून दुसऱ्या नियमावर जाणे हे तीन धागे वेगवेगळे मोजता येतात. घरात आपण या तिन्हींना मिळून ‘मनाचा निग्रह’ म्हणतो, आणि उपचारात गोंधळ होतो तो तिथे, कारण एकाच मुलात एक धागा मजबूत आणि दुसरा विरलेला असू शकतो.

आवेग रोखण्याची क्षमता पाहण्यासाठी स्ट्रूप चाचणी वापरली. १९३५ पासून वापरात असलेल्या या चाचणीत ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापलेला असतो आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा असतो. शनिवारी सकाळी, घरी रात्रभर झोप घेऊन आणि पोहे खाऊन आलेल्या या मुलाने ती वयाला साजेशा वेगाने, जवळपास बिनचूक सोडवली. त्याच चाचणीचा समांतर नमुना पुढच्या बुधवारी सायंकाळी सातला, त्याचा नेहमीचा दिवस संपल्यावर दिला. आदल्या रात्री तो पाच तासही झोपला नव्हता आणि दुपारपासून पोटात चहाखेरीज काही नव्हते. सरावामुळे दुसऱ्यांदा कामगिरी थोडी सुधारावी अशी अपेक्षा असते; इथे चुका तिपटीने वाढल्या आणि वेगही घटला. एकाच व्यक्तीच्या दोन मोजमापांवरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही, हे मान्य. पण आवेग रोखण्याची क्षमता मुळातच नसती तर ती शनिवारी सकाळीही दिसली नसती.

कार्यरत स्मृतीचे चित्र वेगळे होते. ऐकलेले आकडे त्याच क्रमाने म्हणताना तो सातपर्यंत सहज जाई, पण उलट क्रमाने म्हणताना चारच्या पुढे अडखळे, आणि हे सकाळी व संध्याकाळी सारखेच होते. पत्त्यांचे वर्गीकरण करण्याच्या चाचणीत नियम न सांगता बदलला जातो. एकदा गुपित कळले की ती पुन्हा देण्यात अर्थ नसल्याने ती सकाळीच घेतली. तिथे तो चुकीचा ठरलेला जुना नियम अपेक्षेपेक्षा जास्त वेळ धरून बसला. उशिरा मिळणारे मोठे बक्षीस आणि आता मिळणारे लहान बक्षीस यांतून निवडायच्या प्रश्नावलीत मात्र त्याने जवळपास दर वेळी उशिराचे निवडले. जेईईसाठी दोन वर्षे घरापासून दूर राहणाऱ्या मुलाकडून दुसरे काय अपेक्षित होते, असे वाटून गेले.

हे शेवटचे निरीक्षण महत्त्वाचे, कारण थांबू शकणे म्हणजे चारित्र्य ही समजूत पालकांत खोल रुजलेली आहे. वॉल्टर मिशेल यांच्या स्टॅनफर्डमधील प्रयोगांत लहान मुलांनी जास्तीच्या गोड खाऊसाठी थांबण्याचा संबंध पुढील यशाशी जोडला गेला. पण २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी मोठ्या नमुन्यावर तो तपासला तेव्हा घरची परिस्थिती आणि लहानपणीची बौद्धिक क्षमता हिशेबात धरताच हा संबंध बराच क्षीण झाला. संयम हा वापरला की संपत जाणारा साठा आहे, ही दुसरी लोकप्रिय कल्पनाही २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या पडताळणीत टिकली नाही. म्हणून या मुलाचा ‘दिवसभरात संयम संपून जातो’ असे म्हणण्याचे मी टाळते. अपुरी झोप आणि उपाशी पोट ही दोन कारणे अधिक साधी आहेत, आणि बदलण्याजोगीही आहेत.

आणखी एक विसंगती. प्रश्नावलीत मुलाने स्वतःला आवेगाच्या बाबतीत अत्यंत वाईट गुण दिले होते, तर आईने चांगले. प्रत्यक्ष चाचण्या आणि प्रश्नावल्या यांच्यातला मेळ एरवीही कमीच असतो. या विषयावरच्या संशोधनात निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत त्याचे हे एक कारण आहे. मुलाच्या उत्तरांत क्षमतेपेक्षा लाज अधिक मोजली गेली होती, असे माझे मत झाले.

निदान

मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन नियमावलीत, २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, बिंज ईटिंग डिसऑर्डर (अतिभक्षणाचा विकार) हे स्वतंत्र निदान म्हणून आले. आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने, ताबा सुटून अतिभक्षण होणे ही त्याची मुख्य अट आहे. त्याच्याबरोबर झपाट्याने खाणे, पोट दुखेपर्यंत खाणे, भूक नसताना खाणे, लाजेने एकटे खाणे आणि नंतर स्वतःची किळस किंवा अपराधी भावना येणे यांपैकी तीन लक्षणे लागतात. हे निकष पूर्ण होत होते. एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचा विकार) आणि अतिभक्षण अनेकदा एकत्र आढळत असल्याने ती शक्यता नीट तपासली. त्या निदानासाठी बारा वर्षांच्या आतली लक्षणे लागतात, आणि प्राथमिक शाळेतल्या शेऱ्यांत किंवा आईच्या आठवणीत तसे काही सापडले नाही. नैराश्य नव्हते. औषधाचा प्रश्न मनोविकारतज्ज्ञांशी बोलून बाजूला ठेवला; या विकारासाठी लिसडेक्साम्फेटामीन हे औषध अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झाले ते प्रौढांसाठी.

दिवाळीत काय घडले

उपाय नुकतेच ठरले होते, अमलात यायचे होते, तेवढ्यात दिवाळीची सुटी लागली आणि मुलगा आठ दिवस गावी गेला. मामांनी फोन करून काळजी व्यक्त केली : घरात चिवडा, शंकरपाळे, करंज्या, शेव, लाडू यांचे डबे भरलेले आणि हा दिवसभर घरात.

आठ दिवसांत एकही प्रसंग घडला नाही. नोंदवहीत फराळ होता, भरपूर होता, पण तो सकाळच्या चहाबरोबर आणि दुपारी पाहुण्यांबरोबर होता. आजी सकाळी आठला भाकरी वाढत असे, दुपारी एकला जेवण, रात्री आठला सगळे एकत्र बसत, आणि दहा-साडेदहाला घर झोपे. पदार्थ तेच होते, त्यांची रेलचेल गंगापूर रोडवरच्या खोलीपेक्षा कितीतरी जास्त होती, आणि जीभही तीच होती.

यावरून सगळे श्रेय झोपेला आणि जेवणाच्या वेळांना देणे घाईचे ठरेल. गावी क्लासची साप्ताहिक चाचणी नव्हती आणि एकटेपणाही नव्हता. त्याचे सर्व प्रसंग एकांतात घडत, ही बाब दुर्लक्ष करण्यासारखी नाही. तरीही ‘समोर दिसले की सुटत नाही’ हा त्याचा स्वतःवरचा आरोप या आठ दिवसांत खोटा ठरला. स्वतःच्या अक्षरातली ती आठ पाने वाचताना तो बराच वेळ गप्प होता, मग त्याने विचारले, “म्हणजे मी उपाशी असतो म्हणून खातो?” उपचाराची खरी सुरुवात त्या प्रश्नापासून झाली.

त्याला दोन जुने अभ्यास सांगितले. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीझ यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. अन्न पुन्हा मोकळे केल्यावर त्यांतील काही जण पोट भरूनही खात राहिले. त्यांची निवडच मुळी धडधाकट शरीर आणि कणखर मन पाहून केलेली होती. दुसरा हर्मन आणि मॅक यांचा १९७५ मधला. एरवी खाण्यावर कडक बंधन ठेवणाऱ्यांना आधी मिल्कशेक पाजला तर ते नंतर आइस्क्रीम कमी खाण्याऐवजी जास्त खात. ‘आता मोडलंच आहे तर’ हा विचार त्यामागे असतो. हे ऐकून मुलगा हसला, कारण ‘एक बिस्किट खाल्लं की दिवस गेला’ हे त्याच्या वहीत तीन ठिकाणी लिहिलेले होते. पत्त्यांच्या चाचणीत जुना नियम न सोडणारे मन आणि ‘दिवस गेला’ म्हणणारे मन मला एकाच जागी दिसले.

उपाय

पहिली गोष्ट जेवणाच्या वेळा. तीन जेवणे, मध्ये दोनदा थोडे खाणे, आणि जागेपणी दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. अतिभक्षणावरील बोधात्मक वर्तनोपचारात (विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या सीबीटी या उपचारात) हा पाया मानला जातो, आणि वजन वाढलेल्या मुलाला ‘जास्त वेळा खा’ सांगणे घरच्यांना सर्वांत जड जाते. वडील छाटणी आटोपून प्रथमच आले तेव्हा त्यांनी स्पष्ट विचारले, “मॅडम, आम्ही खाणं कमी करायला आणलं, तुम्ही वाढवून देताय?” त्यांना नोंदवहीतला मंगळवार आणि दिवाळीतला एक दिवस शेजारी ठेवून दाखवला. दिवाळीतल्या दिवसाचे एकूण खाणे मंगळवारपेक्षा कमीच भरत होते. शेतीचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला दुसऱ्या पुराव्याची गरज पडली नाही.

मेसच्या काकूंनी रात्रीचा डबा साडेसातला पाठवण्याचे कबूल केले. आठ नंतर अभ्यासिकेत जायचे असल्याने तो आधीच खाऊन होऊ लागला. सकाळी क्लासला निघताना उकडलेली दोन अंडी आणि पोळी. शनिवारच्या रात्रीचे जेवण बंधनकारक, रविवारची मिसळ मोकळी.

दुसरी गोष्ट झोप. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. या मुलाला साडेपाच मिळत होती. आठ काही जमले नाहीत. क्लासच्या वेळापत्रकात ते बसतच नव्हते, आणि या वयातल्या मुलांच्या आत्मसंयमाविषयी बोलताना शिकवण्यांच्या वेळांविषयी कुणी बोलत नाही, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. अभ्यासिकेतून साडेदहाला निघायचे, एवढ्या एका बदलाने झोप सातच्या आसपास आली.

कार्यरत स्मृती कमजोर असलेल्या मुलाने रात्री बारा वाजता आठवण ठेवून निर्णय घ्यावा, ही अपेक्षाच सोडून दिली. पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेली ‘जर-तर’ योजनेची रीत इथे कामी आली. मुलाची पहिली योजना ‘रात्री जास्त खाणार नाही’ अशी होती. तिच्यात काय करायचे हे नव्हतेच. दुरुस्त केलेली योजना त्याने चिठ्ठीवर लिहून दाराच्या आत चिकटवली : ‘खोलीवर आलो आणि काहीतरी खावंसं वाटलं, तर आधी दूध गरम करून पिणार, आणि ते बसून पिणार.’ ‘दिवस गेला’ या विचारासाठी दुसरी चिठ्ठी होती : ‘मोडलं असेल तर पुढचं खाणं ठरलेल्या वेळीच.’ दंड म्हणून उपास करायचा नाही, हा त्यातला मुद्दा.

आईचा चिवड्याचा मोठा डबा दर शनिवारी एसटीने येत असे. तो बंद करायला मी सांगितले नाही. मुलाला त्यातून घर भेटत होते. फक्त आकार लहान झाला आणि डबा खोलीऐवजी सामाईक स्वयंपाकघरात गेला. खोलीतल्या जोडीदाराला राखणदार नेमण्याची मामांची सूचना मात्र नाकारली, कारण लपून खाण्याचे मूळ लाजेत होते. त्याच कारणासाठी घरी गेल्यावर वजनकाट्यावर उभे करण्याची पद्धत वडिलांनी थांबवली. आवेग रोखण्याचे संगणकावरचे खेळही वापरले नाहीत. त्यांचे दिसून आलेले परिणाम लहान आणि अल्पकाळ टिकणारे आहेत, आणि या मुलाचा दिवस आधीच भरलेला होता.

पुढील सहा महिने

डिसेंबरच्या मध्यापर्यंत प्रसंग आठवड्याला एकावर आले. जानेवारीत जेईईच्या पहिल्या सत्राआधी झोप पुन्हा पाच तासांवर घसरली आणि त्या आठवड्यात तीन प्रसंग झाले. चौथ्या रात्री त्याने दाराची चिठ्ठी वाचून दुसऱ्या दिवशी सकाळचे खाणे न चुकवता घेतले, आणि पुढे मालिका लांबली नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळून दोन प्रसंग नोंदले गेले.

मार्चमध्ये स्ट्रूप चाचणी पुन्हा संध्याकाळी सातला घेतली. चुका सकाळच्या पातळीच्या जवळ आल्या होत्या. उलट आकड्यांची मर्यादा चारच राहिली. म्हणजे ज्या धाग्याबद्दल सगळे त्याला दोष देत होते तो झोप आणि अन्न मिळताच सावरला, आणि ज्याकडे कुणाचे लक्ष नव्हते तो तसाच आहे. त्याच्यासाठी चिठ्ठ्या आणि ठरलेल्या वेळा पुढेही लागतील. कार्यकारी क्षमता आणि अतिभक्षण यांच्या संबंधावर बरेच अभ्यास एकाच वेळी केलेल्या मोजमापांवर उभे आहेत, आणि त्यांतून कमी क्षमतेमुळे जास्त खाल्ले जाते की खाण्याच्या, झोपेच्या आणि वजनाच्या परिणामाने क्षमता घटते, हे ठरत नाही. या मुलात तरी दुसरी दिशा अधिक दिसली.

एचबीए१सी ५.६ वर आले आहे. वजन ७९ किलो आहे, आणि वडील त्यावर खूश नाहीत. सहा महिन्यांत दोनच किलो, असे त्यांनी दोनदा बोलून दाखवले. वजन हे या टप्प्याचे उद्दिष्ट नव्हते, हे त्यांना समजावले आहे, पटलेले नाही. एप्रिलच्या सत्रानंतर मुलगा कुठल्या शहरात जाईल हे ठरेल. पुढची रक्ततपासणी सप्टेंबरमध्ये आहे, आणि प्रवेश मिळेल त्या वसतिगृहाच्या मेसच्या वेळा आधी विचारायच्या, हे मुलाने स्वतःहून यादीत लिहिले आहे.